मंत्रविरोध आणि निर्णय

१

काव्यातील अनेकार्थता ही उणीव नसून संपत्ती आहे, हा विचार समीक्षेत आता चांगलाच रूढ झाला आहे. विल्यम एम्प्सन यांनी १९३० साली संदिग्धतेचे सात प्रकार वर्णिले. त्यांच्या सुमारे हजार वर्षे आधी आनंदवर्धनाने वाच्यार्थापलीकडच्या ध्वनीत काव्याचा आत्मा पाहिला. दोन्ही विचारांच्या मुळाशी एक न उच्चारलेली अट आहे. ती अशी की, वाचनाच्या शेवटी कोणाला काही करावयाचे नसते. एका कवितेचे दोन अर्थ लागले तर दोन रसिक दोन अर्थ घेऊन घरी जातात आणि कोणाचेच काही हरपत नाही.

परंतु सर्वच लेखन या जातीचे नसते. यज्ञाचा विधी, कायद्याचे कलम, व्याकरणाचे सूत्र, खेळाचा नियम यांच्या बाबतीत अर्थ ठरल्याखेरीज पुढचे पाऊल पडत नाही. या सर्वांत मंत्राचे स्थान आगळे आहे. मंत्र म्हणजे जे म्हणतो ते घडवून आणणारा शब्द. असा एक शब्द तशाच दुसऱ्या शब्दासमोर उभा राहिला आणि दोहोंचे म्हणणे एकाच वेळी खरे होणे अशक्य दिसू लागले, म्हणजे काय करावयाचे? हा प्रश्न वैदिक मीमांसकांना पडला, महाभारतकारांना पडला आणि गेल्या अर्धशतकात तो एका अगदी अनपेक्षित ठिकाणी, मेजाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या एका खेळात, पुन्हा उभा राहिला. खेळातला वाद म्हणून तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. अर्थनिर्णयाची जबाबदारी कोणाची, हे त्या वादाचे खरे मर्म आहे. आणि त्या प्रश्नाचे सर्वांत कठोर उत्तर भिलाईच्या परिसरात गाइल्या जाणाऱ्या एका कथेत दडलेले आहे.

२

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी रचला व तो १९७४ साली प्रसिद्ध झाला. चार-पाच खेळाडू एकेका पात्राची भूमिका घेतात. कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. एक जण सूत्रधार होतो. तो त्या कल्पित जगाचे वर्णन करतो, शत्रूंच्या वतीने बोलतो आणि नियमांचा निवाडाही करतो. पात्राने योजिलेली गोष्ट साधते की फसते, हे बहुधा वीस पैलूंच्या फाशावर ठरते. मांत्रिकापाशी मंत्र असतात आणि प्रत्येक मंत्राचे कार्य, पल्ला व अवधी नियमपुस्तकात साध्या गद्यात लिहिलेला असतो. असे मंत्र शेकडो आहेत. एकेकटा वाचला तर प्रत्येक स्पष्ट वाटतो. दोन एकत्र आले की धुके पसरते. शेकडो मंत्रांच्या जोड्या हजारोंच्या घरात जातात आणि त्या सर्वांचा विचार आधीच करून ठेवणे कोणाही ग्रंथकाराच्या आवाक्यातले नाही.

दोन उदाहरणे घेतली म्हणजे वादाचे स्वरूप कळेल. २०१४ च्या आवृत्तीत ‘अदृश्य’ या अवस्थेचे वर्णन दोन वेगवेगळ्या कलमांत केले होते. पहिल्याचा आशय असा की, जादूच्या किंवा विशेष इंद्रियाच्या साहाय्यावाचून असे पात्र दिसत नाही. दुसऱ्याचा आशय असा की, त्याच्यावर वार करणाऱ्याने दोन फासे टाकून त्यांतला कमी आकडा धरावा आणि त्याने स्वतः वार केल्यास जास्त आकडा धरावा. त्याच पुस्तकात दुसरा एक मंत्र होता. तो म्हणणाऱ्याला अदृश्य वस्तू जणू दृश्य असल्याप्रमाणे दिसू लागतात. आता या मंत्राने ज्याचे डोळे उघडले आहेत त्याने अदृश्य शत्रूवर वार केला, तर फासे किती टाकावयाचे? अक्षराला चिकटून राहणारे म्हणू लागले की दोनच; कारण शत्रू दिसू लागल्याने पहिले कलम निष्प्रभ झाले, पण दुसऱ्या कलमात पाहण्या-न-पाहण्याचा उल्लेखच नाही. हेतूकडे पाहणारे म्हणाले की हे हास्यास्पद आहे; न दिसणे हेच अडचणीचे कारण, ते गेल्यावर अडचण उरेल कशी?

दुसरे उदाहरण अंधाराचे आहे. मंत्रांना त्या खेळात पायऱ्या असतात. अंधार पाडणारा मंत्र दुसऱ्या पायरीचा. तो दुसऱ्या किंवा खालच्या पायरीच्या मंत्राने निर्माण झालेला प्रकाश नष्ट करतो. दिवसाचा उजेड पाडणारा मंत्र तिसऱ्या पायरीचा. तो तिसऱ्या किंवा खालच्या पायरीचा अंधार नष्ट करतो. येथवर सर्व सुरळीत आहे. परंतु मंत्र अधिक शक्ती खर्चून वरच्या पायरीवर म्हणता येतो. कोणी अंधाराचा मंत्र चौथ्या पायरीवर म्हटला, तर उजेड त्याला नष्ट करू शकत नाही आणि तोही उजेडाला नष्ट करू शकत नाही. दोन्ही मंत्र जिवंत आहेत आणि दोन्ही एकाच जागेवर हक्क सांगत आहेत. त्या जागी उभ्या असलेल्या माणसाला दिसते की नाही? नियमपुस्तक एवढेच सांगते की, त्या अंधारात जादूविरहित प्रकाश शिरू शकत नाही. जादूच्या प्रकाशाविषयी येथे मौन आहे.

३

अशा मौनाशी झुंजण्याचे शास्त्र भारतात फार प्राचीन काळी तयार झाले. जैमिनीची सूत्रे, त्यांवरील शबराचे भाष्य आणि त्यावर कुमारिलाने चढविलेला विचार यांचा विषय वरवर पाहता यज्ञ हा आहे. वस्तुतः तो वाक्यार्थाचा आहे. महाराष्ट्राला हे शास्त्र परके नाही. वाईच्या केवलानंद सरस्वतींचा ‘मीमांसाकोश’ आणि म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासातील मीमांसेचे विवेचन ही या शतकी परंपरेची अर्वाचीन फळे होत.

मंत्र आणि नियम यांच्या विरोधाचे मीमांसकांचे आवडते उदाहरण असे. एक ऋचा आहे. तिच्या शब्दांवरून ती उघडच इंद्राची स्तुती करते. परंतु ब्राह्मणवाक्य सांगते की, या ऐन्द्री ऋचेने गार्हपत्य अग्नीचे उपस्थान करावे. मंत्राच्या अंगच्या अर्थसामर्थ्याला, म्हणजे ‘लिंगा’ला, मानावे की ‘श्रुती’च्या प्रत्यक्ष शब्दाला? जैमिनीने श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान आणि समाख्या अशी सहा प्रमाणांची उतरंड लावून दिली आहे. आधीचे प्रमाण नंतरच्याहून बलवत्तर. त्यामुळे येथे श्रुती जिंकते व इंद्राची ऋचा अग्नीच्या सेवेला लागते. यापेक्षाही महत्त्वाचे आहे ते या निर्णयाचे कारण. लिंगावरून विनियोग ठरवावयाचा तर मध्ये एका श्रुतीची कल्पना करावी लागते. तेवढ्या अवधीत प्रत्यक्ष श्रुती आपले काम उरकून मोकळी झालेली असते. म्हणजे ज्या अर्थाला कमी कल्पना लागते तो अर्थ आधी पोहोचतो. हा नियम एका ऋचेपुरता राहत नाही. पुढच्या प्रत्येक प्रसंगी तो निर्णयकर्त्यालाच बांधून टाकतो.

या दृष्टीने खेळातील दोन्ही तंटे पुन्हा तपासण्यासारखे आहेत. अदृश्याच्या बाबतीत खरा मुद्दा अक्षर विरुद्ध हेतू हा नसून एकवाक्यतेचा आहे. दोन वाक्ये एकच प्रयोजन साधत असतील आणि वेगळी केल्यावर एकाला दुसऱ्याची आकांक्षा राहत असेल, तर ती दोन न मानता एकच वाक्य मानावे, असे मीमांसक सांगतात. उगाच वाक्यभेद करणे हा दोष होय. ‘वार करणाऱ्याची अडचण होते’ एवढेच म्हटले की ‘का?’ ही आकांक्षा उरते, आणि ती ‘तो दिसत नाही’ या पहिल्या वाक्यानेच भागते. शिवाय दोन्ही वाक्ये स्वतंत्र धरली तर अदृश्याला पाहण्याचा मंत्र बराचसा व्यर्थ ठरतो. आणि ग्रंथातील कोणतेही वचन व्यर्थ पडू देऊ नये, ही तर या शास्त्राची पहिली शिस्त. २०२४ च्या सुधारित नियमांत, जो त्या पात्राला कोणत्याही प्रकारे पाहू शकतो त्याच्याविरुद्ध हा लाभ मिळत नाही, असे स्पष्ट लिहिले गेले. दहा वर्षांच्या वादानंतर ग्रंथकारांनी एकवाक्यताच पत्करली, असे म्हणावयास हरकत नाही.

अंधाराचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘जादूविरहित प्रकाश शिरत नाही’ या वाक्यावरून ‘जादूचा प्रकाश शिरतो’ असे निष्पन्न करावे काय? एका गोष्टीविषयीच्या वचनातून उरलेल्या गोष्टींविषयी अर्थ काढण्याला मीमांसक ‘परिसंख्या’ म्हणतात आणि तिच्याकडे ते संशयाने पाहतात. वाक्याने स्वतःचा अर्थ टाकावयाचा, परका अर्थ घ्यावयाचा आणि सहज प्राप्त झालेले बाजूस सारावयाचे, असे तीन दोष तिच्या माथी आहेत. हा आक्षेप मान्य करूनही येथे प्रकाशाच्या बाजूने अधिक बळ आहे. सर्वच प्रकाश अडत असता तर ‘जादूविरहित’ हे विशेषण घालण्याचे प्रयोजन उरत नाही. आणि खालच्या पायरीचा जादूचा प्रकाश नष्ट होतो हे वेगळे सांगण्याचेही कारण उरत नाही. तेव्हा जेथे दोन्ही क्षेत्रे एकमेकांवर पडतात तेथे दिसावे, आणि उरलेल्या क्षेत्रात अंधार अबाधित राहावा, हा निर्णय दोन्ही मंत्रांना आपापले म्हणणे राखू देतो.

वैयाकरणांनीही हाच व्यूह आपल्या परीने रचला. तुल्यबळ सूत्रांत विरोध आला तर क्रमाने पुढचे सूत्र चालावे, असे पाणिनीने सांगितले आणि उत्सर्गाला अपवाद बाधतो हे त्याच्या परंपरेने पक्के केले. या परिभाषांचा परामर्श घेणारा ‘परिभाषेन्दुशेखर’ अठराव्या शतकात काशीस लिहिला, तो नागेशभट्ट काळे या महाराष्ट्रीय पंडिताने. ‘सामान्य नियमाला विशेष नियम बाधतो’ हे तत्त्व अमेरिकन खेळाच्या पुस्तकात जवळजवळ याच रूपात भेटते. दोन कार्ये एकाच क्षणी घडू लागली तर ज्याची पाळी असेल त्या खेळाडूने क्रम ठरवावा, अशीही तोड २०१७ च्या पुरवणी ग्रंथात सांगितली आहे. संस्कृत शास्त्रांशी काडीचाही संबंध नसता त्याच वाटेने खेळाडूंना जावे लागले, यावरून त्या शास्त्रांची सार्वत्रिकता सिद्ध होते.

तरीही प्रत्येक विरोध असा मिटत नाही. अतिरात्र यागात षोडशी पात्र घ्यावे असे एक वचन सांगते, घेऊ नये असे दुसरे. दोन्ही तुल्यबळ, तेथे विकल्पावाचून गत्यंतर नाही. पण विकल्पाला आठ दोष लागतात, म्हणून तो अखेरचा उपाय होय, हे सांगावयास मीमांसक विसरत नाहीत. ‘कसेही चालेल’ हे उत्तर देण्यापूर्वी सर्व उत्तरे शोधून झाली पाहिजेत, असा त्याचा अर्थ आहे.

४

शास्त्राने एवढे केले, तरी एक गोष्ट त्याच्या कक्षेबाहेर राहते. मीमांसकाला घाई नसते. खेळाच्या मेजावर मात्र निर्णय त्याच क्षणी द्यावा लागतो, आणि तोही ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार त्यांच्या डोळ्यांदेखत. सूत्रधार हा अर्धा भाष्यकार असला तरी अर्धा कथेकरी असतो. अशा कथेकऱ्याचे जिवंत उदाहरण पाहावयाचे तर ते छत्तीसगडच्या पंडवानीत सापडते.

भिलाईचे नाव घेतले की पोलाद आठवते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार होऊन तेथे कारखाना उभा राहिला आणि १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. त्याच भिलाईच्या जवळच्या गनियारी गावी १९५६ साली तीजनबाईंचा जन्म झाला. पारधी समाजातील या मुलीने महाभारत ऐकले ते आजोबा ब्रिजलाल यांच्या तोंडून, आणि तेराव्या वर्षी ती गावकऱ्यांसमोर उभी राहून गाऊ लागली. पुढे हबीब तन्वीर यांचे लक्ष तिच्याकडे गेले, देशोदेशी कार्यक्रम झाले आणि २०१९ मध्ये पद्मविभूषणापर्यंतचे सन्मान मिळाले. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरीही केली. १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात असलेला हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. तरीही श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्याला पंडवानीत काही निराळेच दिसते.

पंडवानीच्या दोन शाखा मानल्या जातात. ‘वेदमती’ शाखेचा गायक बसून गातो आणि सबलसिंह चौहानांच्या दोहा-चौपाईतील महाभारताचा ग्रंथाधार धरतो. झाडूराम देवांगन हे या शाखेचे थोर गायक. ‘कापालिक’ शाखेचा गायक उभा राहून गातो, नाचतो, अभिनय करतो. त्याचा ग्रंथ त्याच्या कपाळात, म्हणजे स्मृतीत असतो. स्त्रियांनी बसूनच गावे असा संकेत असता तीजनबाईंनी कापालिक शैली उचलली. मेजावरच्या खेळातील अक्षरवादी आणि हेतुवादी यांची आठवण येथे सहज होते. पण ही तुलना एका पायरीवर थांबते. ज्या आजोबांकडून तीजनबाईंनी कथा घेतली, तेही चौहानांचेच महाभारत सांगत. म्हणजे स्मृतीच्या मागेही ग्रंथ उभाच आहे. उलट, वेदमती गायकालाही छापील ओळींच्या मध्ये आपले गद्य घालावेच लागते. अक्षर आणि आशय या दोन छावण्या नसून एकाच कामाचे दोन हात आहेत, हे गायकाला पंडितांआधी कळलेले असते.

गायकाच्या हाती एक तंबुरा असतो. तोच भीमाची गदा होतो, अर्जुनाचे धनुष्य होतो, द्रौपदीचे केस होतो. कोणत्या क्षणी तो काय आहे हे प्रकरणावरून ठरते, आणि श्रोत्यांत कोणाचाही गोंधळ होत नाही. बाजूला ‘रागी’ असतो. तो केवळ साथ देत नाही. तो हुंकार भरतो, मध्येच प्रश्न विचारतो, नवल करतो, शंका काढतो. गायकाने काही सांगितले आणि रागीने विचारले, की उत्तर द्यावेच लागते. उद्या सांगतो, असे म्हणून कथा पुढे नेता येत नाही. कापालिक गायकाचे स्वातंत्र्य मोठे असले तरी समोरच्या प्रत्येकाला शेवट ठाऊक असल्याने ते निरंकुश नाही. निर्णय देणाऱ्यावर अंकुश कोणाचा, या प्रश्नाला पंडवानीने दिलेले उत्तर ‘रागीचा’ असे आहे.

५

या कथेत मंत्रविरोधाचे जे सर्वांत भयंकर प्रकरण येते, ते सौप्तिक पर्वाच्या अखेरीस. अश्वत्थाम्याने गवताची काडी हाती घेऊन पांडवांच्या निःपातासाठी ब्रह्मशिर अस्त्र सोडले. अर्जुनाने तेच अस्त्र सोडले. पण ते अस्त्राच्या शमनासाठी, आणि आधी गुरुपुत्राचे कल्याण चिंतून. दोन समान मंत्र समोरासमोर आले. अशा वेळी नियम कोणता, तेही कथेत सांगितले आहे: जेथे हे अस्त्र दुसऱ्या महास्त्राने आडवले जाते, त्या देशात बारा वर्षे पाऊस पडत नाही. म्हणजे विरोधाचा तांत्रिक निकाल उपलब्ध होता. परंतु तो लागू केला असता तर निरपराध लोकांचा बळी पडला असता. म्हणून नारद आणि व्यास त्या दोन तेजांच्या मध्ये येऊन उभे राहिले. निर्णय देऊ पाहणारा माणूस धोक्याबाहेर उभा नाही, हे या चित्राचे सारे मोल आहे.

अर्जुनाने अस्त्र परत घेतले; व्रतस्थ असल्याने त्याला ते जमले. अश्वत्थाम्याला जमले नाही. मग त्याने शब्दाची फट शोधली. निःपात पांडवांचा व्हावयाचा आहे ना? मग पांडवांच्या स्त्रियांच्या उदरातील गर्भ हेही पांडवच. अस्त्र तेथे पडो. अक्षराच्या आधाराने केलेले याहून क्रूर भाष्य साहित्यात क्वचितच सापडेल. आता दोन वचनांची गाठ पडली. अस्त्र अमोघ आहे, ते व्यर्थ जाणार नाही. आणि कुरुवंश नष्ट होता कामा नये. श्रीकृष्णाने यांपैकी एकही वचन मोडले नाही. अस्त्र खरे होईल, मूल मृतच जन्मेल. आणि मग ते जिवंत होऊन दीर्घायुषी होईल. पुढे आश्वमेधिक पर्वात त्याने आपल्या सत्याची साक्ष काढून परीक्षिताला उठविले.

हा चमत्कार म्हणून वाचला तर तो भक्तीचा विषय होतो. निर्णय म्हणून वाचला तर त्यात समन्वयाची पूर्ण शिस्त दिसते. शत्रूचा शब्दसुद्धा व्यर्थ पडू दिलेला नाही. दोन विरुद्ध वचनांना दोन काळ वाटून देऊन दोन्ही खरी केली आहेत. आणि निर्णय देणाऱ्याने त्याची किंमत स्वतःच्या साचलेल्या सत्यातून मोजली आहे. अश्वत्थाम्याने फट शोधली ती जबाबदारीतून निसटण्यासाठी. कृष्णाने शोधली ती जबाबदारी उचलण्यासाठी. दोघांचे कौशल्य एकाच जातीचे आहे. व्याख्येचे मूल्य तिच्या चातुर्यावरून ठरत नाही, हे येथे उघड होते.

६

सौप्तिक पर्वात उत्तर मिळाले. सभापर्वात ते मिळाले नाही. आणि तेथील प्रश्न तर प्रत्यक्ष खेळाच्या नियमाचाच होता.

युधिष्ठिराने आधी स्वतःला पणाला लावून गमावले, नंतर द्रौपदीला. तिला आणावयास सूताला पाठविले, तेव्हा तिने एकच विचारून येण्यास सांगितले: आधी कोणाला हरलात, स्वतःला की मला? फाशांच्या नियमांत या क्रमाचा विचार कोणी केलेला नव्हता. जो स्वतःचा राहिला नाही त्याला पण लावण्याचा अधिकार उरतो काय? ‘हरलेला माणूस दास होतो’ हा एक नियम. ‘पत्नीवर पतीची सत्ता असते’ हा दुसरा. एकेकटे दोन्ही त्या सभेला मान्य होते. एकत्र आल्यावर दोहोंचे काय होते, हे कोणालाच सांगता येईना.

विकर्णाने उत्तर दिले, आणि ते कारणांसह दिले. व्यसनात बुडालेल्याचे कृत्य प्रमाण मानू नये; ती पाचांची समान पत्नी आहे; स्वतःला हरल्यानंतर तिला लावले; आणि तिचे नाव शकुनीने सुचविले. कर्णानेही कारण दिले: सर्वस्व पणाला लागले तेव्हा तीही त्यात आलीच. हे दोन्ही पक्ष तपासता येण्याजोगे आहेत. ‘सर्वस्वा’त पत्नी येते असे धरले तर पुढे तिचे नाव घेऊन वेगळा पण लावण्याचे प्रयोजन काय, हा वैयर्थ्याचा आक्षेप कर्णाच्या अर्थावर सहज येतो. विकर्णाचा पक्ष बलवत्तर होता. पण निर्णय देण्याचा अधिकार ज्यांचा, ते भीष्म धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून युधिष्ठिराकडेच बोट दाखवितात. द्रोण, कृप गप्प राहतात.

इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये (१९६७) या प्रसंगाचे फार निर्भीड विवेचन केले आहे. त्यांच्या मते द्रौपदीने हा प्रश्न विचारला हीच तिची मोठी चूक होती. पतीचा अधिकार संपला असे उत्तर आले असते तरी तिची स्थिती बिकट, संपला नाही असे आले असते तरी बिकटच. भर सभेत कायद्याचा कीस काढण्याऐवजी तिने दयेची याचना करावयास हवी होती. त्या समाजातील स्त्रीच्या स्थितीचे त्यांचे आकलन अचूक आहे. प्रश्नाची दोन्ही टोके धारदार होती, हेही खरे. परंतु यावरून चूक प्रश्नाची ठरत नाही. दया मागितली असती तर ती देणे न देणे बलवंतांच्या मर्जीवर राहिले असते. प्रश्न विचारून तिने सभेला सभा असण्याचे कर्तव्य आठवून दिले. ज्या नियमाने मला दासी ठरविता तो नियम मला वाचून दाखवा, एवढीच तिची मागणी होती. खेळाडूने सूत्रधाराकडे करावयाची मागणी याहून वेगळी नसते.

महाभारतकाराचा कल कोणीकडे आहे, हे विदुराच्या भाषणावरून कळते. तो सभेला प्रल्हादाची गोष्ट सांगतो. प्रल्हादाचा पुत्र विरोचन आणि सुधन्वा यांनी श्रेष्ठत्वाच्या वादात प्राण पणाला लावले होते आणि निवाडा प्रल्हादाकडे आला. त्याने कश्यपाला विचारले. जाणूनही उत्तर न देणाऱ्याला काय भोगावे लागते ते ऐकले, आणि स्वतःच्या मुलाविरुद्ध निर्णय दिला. ही गोष्ट ऐकूनही कुरुसभा बोलली नाही. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत सभापर्वाचे संपादक फ्रँकलिन एजर्टन यांनी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावा मूळ संहितेतून बाजूला काढला. तो धावा नसताना हा प्रसंग अधिकच उघडावाघडा होतो: वस्त्रे निघत राहतात, आणि प्रश्न तसाच सभेच्या मध्यभागी उभा राहतो. शेवटी धृतराष्ट्र वर देतो, पांडव सुटतात. पण वर म्हणजे उत्तर नव्हे. म्हणूनच पुन्हा द्यूत मांडता आले.

उत्तर न मिळालेल्या प्रश्नाचा शेवट कोठे होतो, ते पंडवानी सांगते. तीजनबाईंचा सर्वांत गाजलेला प्रसंग दुःशासनवधाचा. जो तंबुरा द्रौपदीचे मोकळे केस झाला होता तोच भीमाची गदा होतो. उत्तरकालीन परंपरेप्रमाणे ते केस दुःशासनाच्या रक्तावाचून बांधले जावयाचे नसतात. सभेने शब्दाने जे मिटविले नाही, ते रणात रक्ताने मिटवावे लागले. भिलाईजवळच्या त्या गावची एक स्त्री उभी राहून हे गाते, तेव्हा विकर्णाचा युक्तिवाद कोणता आणि कर्णाचा कोणता हे रागीच्या लक्षात राहो वा न राहो; वडीलधारे गप्प बसले होते, हे त्याच्या लक्षात राहते.

७

मंत्रविरोधाच्या या तीन स्थळांवरून अर्थनिर्णयाच्या तीन कसोट्या निघतात. पहिली मीमांसकांची: कोणतेही वचन, प्रतिपक्षाचेसुद्धा, व्यर्थ पडू नये. दुसरीही त्यांचीच: निर्णयाचे कारण उघड सांगावे, म्हणजे ते उद्या सांगणाऱ्यालाच बांधील. तिसरी पंडवानीतील रागीची आणि सभेतील द्रौपदीची: ज्याच्यावर परिणाम होणार त्याला, परिणाम होण्यापूर्वी उत्तर मिळावे. पहिल्या दोन्ही शास्त्राने शिकविता येतात. तिसरी शिकविता येत नाही. तिला धैर्य लागते.

या तिसऱ्या कसोटीलाही मर्यादा आहे. वेळेवर दिलेला निर्णय चुकू शकतो. खेळातील सूत्रधार तर वारंवार चुकतो, आणि नियमांची नवी आवृत्ती निघाली की त्याचे कालचे मत आज बाद ठरते. परंतु चुकलेल्या निर्णयाला कारण असेल तर त्या कारणाशी वाद घालता येतो. मौनाशी वाद घालता येत नाही. अदृश्य शत्रूवर फासे एक टाकावे की दोन, यावर तावातावाने भांडणारे खेळाडू पोरकट वाटतात खरे. पण मेजावर कोणी प्रश्न विचारला की सूत्रधाराला तोंड उघडावे लागते, ही एक गोष्ट त्यांनी पाळली आहे. धर्म सूक्ष्म आहे हे भीष्मांचे म्हणणे खोटे नव्हते. सूक्ष्म आहे म्हणूनच तो जाणणाऱ्याने सांगावयाचा असतो.